फोरट्रानची जन्मकथा

एकमेकांची भाषा न जाणणारी दोन माणसे समोरासमोर आली, म्हणजे मोठी पंचाईत होते. एकाला तहान लागलेली असते आणि दुसरा त्याला रस्ता दाखवू लागतो. हातवारे होतात, हसू येते, कधी त्रागाही होतो. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा तिसरा कोणी भेटला, की क्षणात सारा गुंता सुटतो. अशा माणसाला आपण दुभाषी म्हणतो. दुभाषी कसबी असेल, तर आपल्यामध्ये तो उभा आहे याचाही बोलणाऱ्यांना विसर पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, माणूस आणि संगणक यांच्यामध्येही असाच एक दुभाषी असतो. आज तो इतका सवयीचा झाला आहे, की त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु एक काळ असा होता, की संगणकापाशी चांगला दुभाषी नव्हता; इतकेच नव्हे, तर तसा दुभाषी कधी घडवता येईल, यावर जाणत्या माणसांचाही विश्वास नव्हता. तो विश्वास ज्या भाषेने निर्माण केला, तिचे नाव फोरट्रान. तिच्या जन्माची ही कथा आहे.

संगणक कितीही मोठा असला, तरी मुळात त्याला दोनच अवस्था ओळखता येतात. त्या आपण ० आणि १ या अंकांनी दाखवतो. त्याला द्यावयाची प्रत्येक आज्ञा अखेर या दोन अंकांच्या माळेत गुंफावी लागते. संगणकाकडून एखादे काम करून घेण्यासाठी लिहिलेल्या अशा आज्ञांच्या क्रमवार मालिकेला 'आज्ञावली' म्हणतात.

समजा, दोन संख्यांची बेरीज करावयाची आहे. तुम्ही ती वहीत एका ओळीत मांडाल. परंतु १९५० च्या सुमारास संगणकाला हेच काम सांगावयाचे, तर तीन आज्ञा लिहाव्या लागत. पहिली आज्ञा अशी : स्मृतीच्या अमुक क्रमांकाच्या कप्प्यातील संख्या बाहेर काढ. दुसरी : तमुक क्रमांकाच्या कप्प्यातील संख्या तिच्यात मिळव. तिसरी : आलेले उत्तर अमक्या कप्प्यात नेऊन ठेव. कोणती संख्या कोणत्या कप्प्यात आहे, हे लक्षात ठेवण्याचे काम माणसाचे. एखादी आज्ञा मध्ये घालावयाची राहून गेली, तर तिच्या पुढच्या आज्ञांची जागा बदले आणि सारा हिशेब नव्याने जुळवावा लागे. शिवाय प्रत्येक जातीच्या यंत्राची आज्ञांची भाषा निराळी. एका यंत्रासाठी महिनोन् महिने खपून लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रापुढे कुचकामी ठरे.

हे काम करणारी माणसे फार थोडी होती. एखाद्या शास्त्रज्ञाला आपले गणित सोडवून हवे असेल, तर त्याला यांपैकी कोणाची तरी वाट पाहावी लागे. शास्त्रज्ञाला गणित कळे, पण यंत्राची भाषा कळत नसे. आणि यंत्राची भाषा जाणणाऱ्याचा सारा जीव कप्प्यांच्या क्रमांकांत गुंतून पडे.

यात पैसाही पाण्यासारखा जाई. त्या काळी संगणक केंद्रात आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या वेतनावर होणारा खर्च निदान संगणकाच्या खर्चाइतका असे. म्हणजे एकूण खर्चाचा निम्मा भाग माणसांवर. उरलेला निम्मा यंत्रावर. पण यंत्राचाही पाव ते निम्मा वेळ आज्ञावलीतील चुका शोधण्यातच खर्ची पडे. तुम्हीच हिशेब करून पाहा. रुपयातील बारा आण्यांपर्यंतची रक्कम केवळ आज्ञा लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात जात असे. प्रत्यक्ष गणितासाठी उरत जेमतेम चार आणे!

ही अडचण ज्याच्या मनाला सतत टोचत राहिली, तो एक तरुण अमेरिकन गणितज्ञ होता. त्याचे नाव जॉन बॅकस.

बॅकस यांचा जन्म ३ डिसेंबर १९२४ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. शाळेत त्यांची गणना हुशार मुलांत होत नसे. ते वारंवार नापास होत आणि इतर मुले सुट्टीत खेळत असता त्यांना उन्हाळी वर्गात बसावे लागे. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकण्यास गेले. परंतु वर्गातील हजेरी भरेना, म्हणून ते शिक्षणही सुटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात दाखल झाले. सैन्याने त्यांना वैद्यकाच्या अभ्यासास पाठवले. तेथेही त्यांचे मन रमले नाही. युद्ध संपल्यावर ते न्यूयॉर्कला आले. संगीत उत्तम ऐकू येईल असा एक ध्वनिसंच आपल्यापाशी असावा, एवढीच काय ती त्या वेळी त्यांची आकांक्षा होती. तो संच स्वतः जुळवता यावा, म्हणून त्यांनी रेडिओ तंत्रज्ञांच्या एका शाळेत नाव घातले. तेथील शिक्षकांना ध्वनिवर्धकाचे आलेख काढावयाचे होते. त्यासाठी लागणारी आकडेमोड करता करता या नापास विद्यार्थ्याला गणिताची गोडी लागली! लवकरच ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि गणिताचे पदवीधर होऊन बाहेर पडले.

१९५० साली ते एके दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरील आयबीएम कंपनीच्या मुख्य कचेरीत गेले. तेथे खोलीच्या भिंती व्यापून टाकणारे एक प्रचंड गणनयंत्र लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवलेले होते. यंत्र दाखवणाऱ्या बाईंना बॅकस सहज म्हणाले, की मी नोकरीच्या शोधात आहे. बाईंनी त्यांना लगेच वर पाठवले. तेथे त्यांना काही कोडी घालण्यात आली; ती त्यांनी सोडवली आणि ते कंपनीत रुजू झाले. पुढे त्या यंत्रावर काम करताना आज्ञा लिहिण्याचे कष्ट किती जिकिरीचे असतात, याचा त्यांनी पुरेपूर अनुभव घेतला.

बॅकस पुढे गमतीने सांगत, की आपल्या हातून जे काही झाले, त्याचे पुष्कळसे श्रेय आपल्या आळसाला आहे. मित्रांनो, या आळसाचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. काम दिसताच तोंड लपवणारा तो हा आळस नव्हे. एकच कंटाळवाणे काम हजार वेळा करण्यापेक्षा ते काम कायमचे नाहीसे व्हावे, म्हणून आधी दसपट कष्ट करावयाचे, अशा जातीचा तो आळस होता. या आळसापायी त्यांना पुढे तीन वर्षांहून अधिक काळ राबावे लागले.

डिसेंबर १९५३ मध्ये बॅकस यांनी आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना एक पत्र लिहिले. त्यांची सूचना थोडक्यात अशी होती : शास्त्रज्ञाने आपले सूत्र जवळजवळ गणिताच्याच भाषेत लिहावे, ते वाचून यंत्राच्या भाषेतील आज्ञा तयार करण्याचे काम मात्र यंत्रानेच करावे. म्हणजे दुभाष्याचे कामही यंत्राकडेच! अशा दुभाषी आज्ञावलीला आज 'कंपायलर' म्हणतात. हर्ड यांनी परवानगी दिली. या योजनेचे नाव 'फॉर्म्युला' म्हणजे सूत्र आणि 'ट्रान्सलेशन' म्हणजे भाषांतर, या दोन इंग्रजी शब्दांच्या आरंभीची अक्षरे जोडून तयार झाले. तेच फोरट्रान.

असा प्रयत्न करणारे बॅकस हे काही पहिलेच नव्हते. अमेरिकेत ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ साली यंत्राकडून आज्ञा जुळवून घेण्याची एक रीत सिद्ध केली होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लॅनिंग आणि झीर्लर यांनी तर गणिताची सूत्रे वाचू शकणारी आज्ञावलीही बनवली होती. परंतु अशा यांत्रिक भाषांतराचा एक दोष सर्वांना ठाऊक होता. यंत्राने जुळवलेल्या आज्ञा माणसाने लिहिलेल्या आज्ञांपेक्षा पुष्कळ संथ चालत.

जुन्या यंत्रांत हा दोष काहीसा झाकून जाई. त्याचे कारण असे, की त्या यंत्रांना दशांशचिन्हाचा हिशेब आपण होऊन ठेवता येत नसे. तो आज्ञा लिहून ठेवावा लागे आणि त्यातच यंत्राचा बहुतेक वेळ जाई. मुळातच काम संथ, तेथे भाषांतराचा संथपणा कोणाला जाणवणार? परंतु १९५४ साली आयबीएमने '७०४' नावाच्या नव्या संगणकाची घोषणा केली. दशांशचिन्हाचा हिशेब हे यंत्र स्वतःच्या मंडलांतून झपाट्याने करणार होते. आता संथपणा लपवण्यास आडोसा उरला नाही. यंत्र वेगवान आणि दुभाषी अडखळणारा, अशी स्थिती झाली असती, तर महाग यंत्राचा वेळ फुकट घालवणारा असा दुभाषी कोणीही पदरी बाळगला नसता.

बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये योजनेचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. ज्या संस्था ७०४ यंत्र घेणार होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आपला बेत समजावून सांगितला. बहुतेक ठिकाणी लोकांनी शंकेने मान हलवली. वर्षानुवर्षे आज्ञा लिहून लिहून ज्यांचा हात बसला होता, अशा कारागिरांची बरोबरी यंत्र करील, हे त्यांना पटेना. बॅकस यांनी ओळखले, की यावर वाद घालून उपयोग नाही. माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीच्या आज्ञा तयार करून दाखवणे, हेच या शंकेला एकमेव उत्तर होते. भाषेचे नियम ठरवणे हे त्या मानाने सोपे होते. खरी कसोटी भाषांतराची होती.

या कामासाठी सुमारे दहा जणांचा एक गट जमला. त्यांत बहुतेक तरुण होते. डेव्हिड सेअर हे स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. रॉबर्ट नेल्सन यांनी गुप्त लिपीचे काम केलेले होते. रॉय नट हे विमाने बनवणाऱ्या एका कंपनीतून मदतीस आले होते. लोइस हेब्ट ही तरुणी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडून १९५५ साली या गटात आली. आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा वापरला जाईल, याचा आधीच अंदाज बांधणारा अवघड भाग तिच्याकडे सोपवण्यात आला आणि तिने तो समर्थपणे पार पाडला.

काम केव्हा पुरे होईल, असे कोणी विचारले, की उत्तर ठरलेले असे : 'सहा महिन्यांत.' सहा महिने उलटले, की पुन्हा तेच उत्तर! दिवसा यंत्र इतरांच्या कामात गुंतलेले असे. म्हणून ही मंडळी जवळच्या लँगडन हॉटेलात खोल्या भाड्याने घेऊन दिवसा थोडी झोप काढीत आणि यंत्र मोकळे सापडावे म्हणून रात्रभर जागत. एक युक्ती फसली, की दुसरी करून पाहावयाची. तीही फसली, की तिसरी. एका माणसाने हे काम एकट्याने केले असते, तर त्याला अठरा वर्षे लागली असती, इतके श्रम या कंपायलरमागे आहेत.

हळूहळू यश दिसू लागले. आपल्या दुभाष्याने तयार केलेल्या आज्ञा वाचताना त्याचे निर्माते स्वतःच कधी कधी चकित होत. एखादी आज्ञा भलत्याच जागी पडली आहे, असे त्यांना प्रथम वाटे. नीट तपासून पाहिल्यावर ध्यानात येई, की आज्ञा बरोबर आहे; आपल्याला जे सुचले नसते, ते त्याने केले आहे!

एप्रिल १९५७ मध्ये फोरट्रानचा कंपायलर ७०४ यंत्राच्या ग्राहकांकडे रवाना होऊ लागला. त्या काळी आज्ञा भोके पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर नोंदवून यंत्राला देत असत. पिट्सबर्गजवळील वेस्टिंगहाऊस-बेटिस या अणुशक्तीच्या प्रयोगशाळेत एके दिवशी कार्डांनी भरलेला एक खोका येऊन पडला. त्याच्यासोबत ना चिठ्ठी, ना माहितीपुस्तिका. हा बहुधा तो फोरट्रान असावा, असा तर्क करून तेथील मंडळींनी ती कार्डे यंत्रात घातली आणि आपण आधीच लिहून ठेवलेली एक छोटी आज्ञावली त्याच्यापुढे ठेवली. थोड्या वेळाने छपाईयंत्रातून उत्तर बाहेर आले. ते गणिताचे उत्तर नव्हते. एका ओळीत कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे, असे यंत्राने त्यांना कळवले होते!

मंडळींनी पाहिले, तो खरोखरच स्वल्पविराम राहिला होता. त्यांनी ते कार्ड दुरुस्त केले, आज्ञावली पुन्हा चढवली आणि या वेळी उत्तरांची पाने छापून येऊ लागली. विद्यार्थिमित्रांनो, तुमचे निबंध तपासताना गुरुजी तांबड्या शाईने स्वल्पविराम घालतात, तेव्हा 'एवढ्याशा चिन्हाने काय बिघडते?' असे तुम्हांस वाटत असेल. यंत्राच्या या नव्या भाषेच्या इतिहासात अगदी आरंभी जी चूक दाखवली गेली, ती स्वल्पविरामाचीच होती, हे ध्यानात ठेवा. महत्त्वाची गोष्ट अशी, की यंत्र आता नुसते अडून बसत नव्हते. कोठे चुकले, ते माणसाला समजेल अशा शब्दांत सांगत होते.

नव्या भाषेने किती श्रम वाचतात, याचे एक उदाहरण तिच्या निर्मात्यांनी १९५७ सालच्या आपल्या लेखात दिले आहे. एका माणसाने फोरट्रानचे फक्त एक दिवसाचे शिक्षण घेतले. नंतर माहितीपुस्तिका चाळत त्याने आपले गणित चार तासांत ४७ ओळींमध्ये लिहिले. यंत्राने सहा मिनिटांत त्याच्या सुमारे १००० आज्ञा बनवल्या. हेच काम हाताने करावयास आपल्याला तीन दिवस लागले असते आणि चुका शोधण्यास आणखी किती ते सांगता येत नाही, असा त्या माणसाचा अंदाज होता. पहिल्या खेपेस त्याचेही उत्तर चुकले. पण चूक कोठे आहे, ती त्याला आपल्या ४७ ओळींतच शोधावयाची होती. हजार आज्ञांच्या रानात भटकण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

मग शंका घेणारे हळूहळू गप्प झाले. १९५८ साली ७०४ यंत्रे असलेल्या २६ केंद्रांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक केंद्रे आपली निम्म्याहून अधिक गणिते फोरट्रानमध्ये सोडवीत होती. एकाच वर्षात एवढा पालट झाला आणि तो भाषणांनी नव्हे, तर कामाने झाला.

ही भाषा होती तरी कशी? तिची अक्षरे रोमन आहेत. आपल्या सोयीसाठी ती नागरीत लिहून पाहू :

क = अ * ब + ५

याचा अर्थ, 'अ आणि ब यांचा गुणाकार कर, त्यात ५ मिळव आणि उत्तर क या नावाखाली ठेव.' कप्प्यांचे क्रमांक गेले. त्यांच्या जागी साधी नावे आली. भोके पाडण्याच्या यंत्रावर गुणाकाराची फुली नव्हती, म्हणून तिच्याऐवजी तारकाचिन्ह वापरले गेले. आजही बहुतेक संगणकभाषांत गुणाकारासाठी तारकाच वापरतात. आता ही दुसरी ओळ पाहा :

क = क + १

तुमच्या गणिताच्या वहीत ही ओळ दिसली, तर गुरुजी ती खोडून टाकतील. कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. परंतु येथे बरोबरीचे चिन्ह विधान करीत नाही, आज्ञा करते. 'क मध्ये एक मिळव आणि आलेले उत्तर पुन्हा क मध्येच ठेव,' असा त्याचा अर्थ. एकच चिन्ह दोन भाषांत दोन अर्थांनी कसे नांदते, याचा हा नमुना आहे.

फोरट्रान प्रथम एका कंपनीच्या एका यंत्रासाठी जन्मास आली. परंतु ती तेथेच राहिली नाही. इतर कंपन्यांनीही आपापल्या यंत्रांसाठी तिचे कंपायलर बनवले. १९६३ पर्यंत त्यांची संख्या चाळिसावर गेली. मात्र प्रत्येकाने थोडाथोडा फरक केल्यामुळे भाषेला जणू बोलीभाषा फुटू लागल्या. म्हणून १९६६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण रूप ठरवण्यात आले. प्रमाण रूप ठरवलेली ती पहिलीच संगणकभाषा होय. यंत्र बदलले, तरी लिहिलेले वाया जात नाही, असा दिलासा यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांना मिळाला. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी 'बेसिक' नावाची सोपी भाषा तयार झाली. तिच्यावरही फोरट्रानची छाप स्पष्ट दिसते.

पुढे 'अल्गोल' नावाची एक आंतरराष्ट्रीय संगणकभाषा तयार होत असताना तिच्या व्याकरणाचे नियम बिनचूक मांडण्यासाठी बॅकस यांनी एक सांकेतिक पद्धत योजली. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी तीत सुधारणा केली, म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९६७ साली पीटर इंगरमन या अमेरिकन संशोधकाने एका पत्रात असे दाखवून दिले, की याच तऱ्हेची पद्धत प्राचीन भारतात पाणिनीने संस्कृत व्याकरणासाठी वापरली होती. म्हणून तिला पाणिनीचेही नाव द्यावे. व्याकरण हा रुक्ष विषय आहे, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

आपल्या देशातही फोरट्रान लवकरच आली. १९६३ साली कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयबीएम १६२० हा संगणक बसवण्यात आला आणि तेथील विद्यार्थी फोरट्रान शिकू लागले. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळातील मोठा संगणक आला. त्यावरही शास्त्रज्ञ आपली गणिते फोरट्रानमध्ये मांडीत.

त्यानंतर कितीतरी संगणक आले आणि भंगारात गेले. भोके पाडलेली कार्डेही इतिहासजमा झाली. फोरट्रान मात्र कालमानाप्रमाणे आपले रूप बदलत टिकून राहिली. तिची सुधारलेली प्रमाण आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक कार्यान्वित झाला. वारा, ढग, समुद्राचे तापमान यांची अगणित समीकरणे सोडवून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या आज्ञावल्या अशा महासंगणकांवर चालतात आणि त्यांचा फार मोठा भाग फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी पेरणीपूर्वी पावसाचा अंदाज ऐकतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्री जागवणाऱ्या त्या मंडळींच्या श्रमांचा थोडासा वाटा त्यालाही मिळत असतो.

बॅकस यांना १९७७ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातील हा सर्वश्रेष्ठ सन्मान होय. अशा प्रसंगी माणसाने आपल्या कर्तृत्वाचा गौरव करावा, हे स्वाभाविकच. परंतु बॅकस यांनी त्या व्याख्यानात उलट आपल्याच वाटेतील उणिवा दाखवल्या. फोरट्रान आणि तिच्यामागून आलेल्या भाषा माणसाला अजूनही यंत्राच्या चाकोरीतूनच विचार करावयास लावतात. याहून मोकळी वाट शोधली पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपल्या हातून झालेले मोठे काम हीच शेवटची पायरी, असे त्यांनी मानले नाही. १७ मार्च २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

फोरट्रानपूर्वी यंत्राशी बोलण्यासाठी माणसाला यंत्रासारखा विचार करावा लागे. फोरट्रानने यंत्राला एक पाऊल माणसाकडे टाकावयास लावले. ते पाऊल पडावे म्हणून काही माणसांनी आपली झोप मोडली, चेष्टा सोसली आणि 'सहा महिने' म्हणत म्हणत वर्षे घालवली. इतरांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून आपण अधिक कष्ट सोसणे, यासारखी दुसरी थोर हुशारी नाही. शाळेत वारंवार नापास झालेल्या एका मुलाने ती जगाला दाखवून दिली.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) 'फोरट्रान' हे नाव कोणत्या दोन शब्दांवरून तयार झाले?
(आ) बॅकस यांना गणिताची गोडी कोठे लागली?
(इ) प्रयोगशाळेतील मंडळींना यंत्राने कोणती चूक दाखवली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) ७०४ या नव्या यंत्रामुळे बॅकस यांचे काम अधिक अवघड का झाले?
(आ) एकूण खर्चाचा फार मोठा भाग आज्ञा लिहिण्यात व दुरुस्त करण्यात कसा जात असे, ते हिशेब मांडून दाखवा.
(इ) 'क = क + १' ही ओळ गणिताच्या वहीत चूक आणि फोरट्रानमध्ये बरोबर का ठरते?

३. बॅकस यांचा 'आळस' आणि नेहमीचा आळस यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा : हात बसणे, पदरी बाळगणे, आभाळाकडे डोळे लावून बसणे, इतिहासजमा होणे.

५. स्वल्पविरामाची जागा बदलल्याने ज्यांचा अर्थ बदलतो, अशी दोन वाक्ये तयार करा व वर्गात वाचून दाखवा.